उपरण्याखालची चार बोटं

लंकाबाईचं एका बाईशी वैर होतं, आणि त्या बाईला बिचारीला बरेच दिवस त्याचा पत्ताच नव्हता. एकतर्फी प्रेम असतं तसं एकतर्फी वैरही असतं, आणि ते जास्त टिकतं. लंकाबाईचं नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला पुढचं दिसलं असावं. ही बाई आतल्या आत जळायची ती अगदी नावाला शोभेल अशी.

तिचा नवरा कानिफनाथ हा घोडेगावच्या बैलबाजारात दलाल. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये कानिफनाथ. तिथं भाव तोंडानं बोलायचा नाही अशी रीत. दोन हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार. बाजार भरून माणसं बघत असली तरी भाव कळतो तो दोघांनाच. कानिफनाथ म्हणायचा, "तोंडानं कुनीबी खोटं बोलंल, पर हात खोटं बोलत न्हाई. कापडाखाली मला मानूस कळतो." लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तेव्हा लंकाबाईनं एकदा हौसेनं म्हटलं होतं, मलाबी शिकवा की ते बोटांचं. "बाईमानसाचं काम न्हाई ते," म्हणून तो हसला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण विसरलीही नाही.

एकाहत्तरची दिवाळी झाली आणि कानिफनाथाचं तोंड सकाळी सुजायला लागलं. मग पाय सुजले, वहाणा चढेनात. गावात झाडपाला झाला, अंगारे झाले, शेवटी एसटीत बसून दोघं नगरच्या एका दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि समोर बसवून साफ सांगितलं, "मूत्रपिंडं थकली आहेत. ती पुन्हा नवी होत नाहीत. पण उरली आहेत तेवढी जपलीत तर वर्षं निघतील. मीठ बंद. डाळ थोडी. पाणी दिवसाला पाच वाट्या, सूज असेल तेव्हा चारच. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि दर सोमवारी येऊन वजन करायचं."

पहिला महिना कानिफनाथानं यातलं काहीही पाळलं नाही. बाजारात उन्हातान्हात हिंडणारा माणूस, पाच वाट्या पाणी म्हणजे त्याला शिक्षाच वाटली. तो माठातून चोरून पाणी प्यायचा, लोणच्याच्या बरणीत बोट घालायचा. लंकाबाईनं विनवण्या केल्या, डोळ्यांतून पाणी काढलं. "माझ्यासाठी तरी पाळा," म्हणाली. पाळलं नाही. तिनं स्वतःचं मीठसुद्धा सोडलं. त्याच्या ताटातलं अळणी तेच आपल्या ताटात घेऊ लागली. कुणाला सांगितलं नाही. त्याला आपणहून दिसेल, अशी वाट बघत राहिली.

आणि मग दवाखान्याच्या बाकावर त्याला दीनाबाई भेटल्या.

दीनाबाई नगरच्या एका शाळेत टीचर. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. पांढरी सुती साडी, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांनाही हाच आजार, तोही दोन वर्षांपासून. त्या आपली पाण्याची वाटी पिशवीत घेऊन हिंडायच्या. कानिफनाथानं पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढं रडगाणं लावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुंबईला रक्त धुणारं यंत्र आलंय, कानिफराव. आज मुंबईला आहे, उद्या पुण्याला येईल, परवा आपल्या नगरला. तोवर टिकायचं. एवढंच आपलं काम."

झालं. हे वाक्य त्यानं घरी आणलं ते प्रसाद आणावा तसं. "तोवर टिकायचं," असं म्हणत त्यानं लोणच्याची बरणी स्वतः उचलून शेजारी नेऊन दिली. वाटी मोजून पाणी पिऊ लागला. गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला. महिनाभर लंकाबाईच्या डोळ्यांतल्या पाण्यानं जे झालं नाही ते त्या बाईच्या एका यंत्रानं झालं. नवरा सुधारला याचा आनंद व्हायला हवा होता ना? झालाही. पण त्याच्याखाली जे काही सळसळत होतं त्याला आनंद म्हणत नाहीत.

दर सोमवारी तो आता सकाळपासून उतावीळ. धुतलेलं धोतर, धुतलेलं उपरणं. बाकावर दोघं शेजारी बसायची आणि वजनं सांगायची. अर्धा किलो उतरलं की एखाद्यानं कुस्ती मारावी तसा कानिफनाथ फुगायचा. पाय किती जड वाटतात, तोंड कसं कोरडं पडतं, रात्री खाज कशी सुटते, हे ती दोघं बोलायची आणि लंकाबाई डबा मांडीवर घेऊन समोर बसायची. त्या बोलण्यात तिला जागाच नव्हती. तिचे पाय कुठं जड होते! खरं सांगायचं तर तिला त्या आजाराचाच हेवा वाटू लागला होता. देवा, मलाच का न्हाई दिला, म्हंजे मीच बसले असते त्येंच्या शेजारी, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिनं घाबरून कानाला हात लावला.

एका सोमवारी दीनाबाई गप्प गप्प होत्या. सूज वाढली होती, किती पाणी प्यायल्या ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. बाकावर सगळे ऐकणारे. तेव्हा कानिफनाथानं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या हातावर टाकलं, खाली स्वतःचा हात घातला आणि म्हणाला, "बोलू नका. दाबून सांगा." दीनाबाई आधी चमकल्या, मग हसल्या. उपरणं हललं. "सहा?" कानिफनाथ म्हणाला. "बाई, बाई! सौदा लई म्हाग पडला. उद्या चारावर या." दीनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

लंकाबाईच्या मांडीवरचा डबा खाली पडला. भाकरी फरशीवर. ती वाकून गोळा करत होती आणि तिच्या कानात नुसता घण वाजत होता. सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षांत जे मला शिकवलं न्हाई!

त्यात भर पडली ती चटणीची. पुढच्याच खेपेला दीनाबाईंनी कारळाची चटणी करून आणली. मीठ नाही, भाजलेला लसूण आणि वर लिंबू. कानिफनाथानं ती लंकाबाईच्याच भाकरीला लावून खाल्ली आणि डोळे मिटून म्हणाला, "ह्याला म्हन्त्यात चव! लंके, इचारून घे बाईंना कशी करत्यात ते."

लंकाबाईनं विचारलं नाही. ती त्या दिवशी घरी येताना वाण्याच्या दुकानात थांबली आणि तिनं शेंदेलोणाचा एक मोठा खडा घेतला.

आता इथं तिची बाजू ऐकून घ्यायला हवी. लंकाबाई लहानपणापासून सोमवार, शनिवार, एकादशी असे उपास करत आलेली. उपासाला मीठ चालत नाही, पण शेंदेलोण चालतं. तिच्या आईनं तसंच केलं, सासूनंही तसंच. भगरीत, शेंगदाण्याच्या आमटीत शेंदेलोण घातलं तरी उपास मोडत नाही, मग ते मीठ कसं असेल? देवाला जे मीठ वाटत नाही ते डॉक्टरला तरी का वाटावं? हिशेब तिच्या दृष्टीनं चोख होता. फक्त एकच गोष्ट अशी की, तिनं तो डॉक्टरला विचारला नाही, आणि खडा मिठाच्या डब्याशेजारी न ठेवता शेवयांच्या डब्यात, तळाशी ठेवला. म्हणजे आत कुठंतरी तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी कानिफनाथानं आमटीचा भुरका मारला आणि थांबला. पुन्हा मारला. "आज काय घातलं गं? हाताला काय चव आलीया तुज्या!"

"काय न्हाई. लिंबू पिळलंय."

तीन आठवडे लंकाबाई हवेत होती. तिच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस म्हणावेत. नवरा बोटं चाटत होता. सोमवारी बाकावर त्यानं दीनाबाईंना सांगितलं, "आमच्या घरातली आता तुमच्याहून सरस करती." दीनाबाई म्हणाल्या, "वा, मलाही शिकवा हो, लंकाबाई." लंकाबाईनं मानेला झटका दिला. मी कशाला शिकवू, तुमी मला बोटं शिकवली का?

ते बहात्तर साल. पाऊस आलाच नव्हता. सगळा जिल्हा पाणी मोजून पीत होता, त्यामुळं कानिफनाथाच्या पाच वाट्यांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पण मोजून पिणाऱ्या त्या दुष्काळात कानिफनाथाची तहान वाढू लागली. चौथ्या सोमवारी तो उठला तो डोळे सुजूनच. नगरला काट्यावर उभा राहिला तर वजन चार किलोनं वर. डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"मीठ खाल्लंत," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई."

"कानिफनाथ, हे पाय खोटं बोलत नाहीत."

कानिफनाथ ताठ झाला. सगळ्यांसमोर म्हणाला, "शनिमहाराजाची आन, डाक्टर. खडाबी तोंडाला लावला न्हाई."

घोडेगावच्या माणसाला शिंगणापूर म्हणजे पायाखालची वाट. जिथं शनीच्या भरवशावर लोक घराला दार लावत नाहीत, तिथल्या देवाची आण तिकडचा माणूस उगाच घेत नाही. खडाबी न्हाई, असं तो म्हणाला होता, आणि खडा तर लंकाबाईच्या शेवयांच्या डब्यात होता. तोंड उघडावं असं तिला वाटलं. पण समोर बाकावर दीनाबाई होत्या. त्यांच्यासमोर? मरून गेले तरी न्हाई.

दीनाबाईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. त्या कानिफनाथाच्या पायाकडं बघत राहिल्या. "इतकं पाळून हे?" त्या हळूच म्हणाल्या. "मग माझं काय व्हायचं?"

पुढच्या सोमवारी बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. कंपाउंडर म्हणाला, "टीचरबाई आता येत नाहीत. निरोप पाठवला, पाळूनही तेच आणि न पाळूनही तेच, मग कशाला."

लंकाबाईच्या मनासारखं झालं होतं. बाकावर आता तिला नवऱ्याशेजारी बसायला मिळालं. ती बसली. तो दाराकडंच बघत होता. घरी आल्यावर त्यानं गोळ्यांची पुडी कोनाड्यात फेकली आणि माठावरून तांब्या भरून, उभ्यानं गटागटा प्यायला. "मीठ घालून कर उद्यापास्नं," म्हणाला. "ती शिकल्याली बाई हरली, तर मी कोन? यंत्र येस्तवर कोन ऱ्हातंय हितं." शेंदेलोण तर तिनं त्यानं आण घेतली त्याच दिवशी उकिरड्यात पुरलं होतं. पण आता अळणी वाढलं की तो ताट सारायचा आणि शेजारून लोणचं मागून आणायचा.

चार दिवस लंकाबाईनं हे बघितलं. पाचव्या दिवशी तिला स्पष्ट कळलं की नवरा वाचवायचा असेल तर ती बाई बाकावर परत आणली पाहिजे. हे कळलं आणि तिला इतका राग आला की तिनं चुलीवरचा तवा आपटला. मग लुगडं बदललं आणि एकटीच एसटीत बसली.

दीनाबाईंची खोली शाळेमागच्या चाळीत होती. त्या जेवायला बसल्या होत्या. ताटात सुकट, शेजारी मिठाची वाटी. चेहरा भाकरीसारखा फुगलेला. "या," म्हणाल्या, आणि खाऊ लागल्या.

लंकाबाई दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलली. "त्येंनी आन खोटी घेतली न्हाई आन् खरीबी न्हाई. मी शेंदेलोण घातलं. तीन आठवडे. तुमची चटनी त्येंना गोड लागली म्हनून. उपासाला चालतं म्हनून. पाळून काय हुत न्हाई असं न्हाई, बाई. त्येंनी पाळलंच नव्हतं. मी पाळू दिलं न्हाई."

दीनाबाईंचा घास हातातच राहिला. मग त्यांचा आवाज चढला. वर्गात पोरांवर चढत असेल तसा.

"वीस दिवस झाले, लंकाबाई! वीस दिवस मी मरायच्या तयारीला लागलेय. ट्रंक आवरली, पुस्तकं वाटून टाकली. तुमच्या एका खड्यापायी!" त्यांनी ताट सरकवलं. सुकट फरशीवर सांडली. "आणि हेवा कुणाचा, तर माझा? माझं अळणी मीच रांधते आणि मीच खाते. तुम्ही त्यांच्यासाठी स्वतःचं मीठ सोडलंत. वर्ष होईल आता."

लंकाबाई दचकली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. पहिल्या महिन्यात. म्हणाले, आमच्या घरातली माझ्यासंगं अळणी खाती, तिला वाटतं मला दिसत न्हाई."

म्हणजे त्याला दिसलं होतं. आणि तो बोलला होता. बोलला ते हिच्यापाशी! लंकाबाईला तिथंच रडू फुटलं, पण ते सुखाचं की जळफळाटाचं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दीनाबाईंनी मिठाची वाटी उचलून मोरीत उपडी केली. मग परत येऊन बसल्या, आपला पदर लंकाबाईच्या हातावर टाकला आणि खाली तिची चार बोटं घट्ट दाबली. "हे चार. उद्यापासून चार वाट्या, असं त्यांना सांगा. आणि खड्याचं तुमच्या तोंडानं सांगा. ते मी सांगणार नाही."

तिनं सांगितलं. कानिफनाथ ओट्यावर बसून ऐकत होता. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, पण ताट सारलंही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आन मी घेतली, खडा तू घातला. शनिमहाराज धरनार कुनाला?" त्या शनिवारी दोघं तेल घेऊन शिंगणापूरला जाऊन आली. परतताना त्यानं विचारलं, "बाई काय म्हनल्या? किती?" लंकाबाईनं त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि खाली त्याची चार बोटं दाबली. तो तिच्याकडं बघतच राहिला. "तुला कुनी शिकवलं?"

"तुमी न्हाई शिकवलं," ती म्हणाली.

दीनाबाई पुन्हा बाकावर येऊ लागल्या. पुढं एसटीचे धक्के त्याला सोसेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्यांना महिन्यातून एकदा आणा, बाकी सोमवारी गोळ्या तुम्ही घेऊन जात जा. दीनाबाईंनाही तोवर चालवेनासं झालं होतं, म्हणून मग दर सोमवारी लंकाबाई दवाखान्यातून चाळीत जायची. दीनाबाई पदराखाली तिची बोटं दाबायच्या, चार किंवा पाच, म्हणजे त्या आठवड्यात दोघांनी रोज प्यायच्या तेवढ्याच वाट्या. ती ते आकडे पस्तीस किलोमीटर मुठीत घेऊन यायची आणि उपरण्याखाली नवऱ्याच्या हातात द्यायची. त्यानं खरंच किती प्यायल्या ते आकडे पुढच्या सोमवारी तिकडं. कधी त्यानं चोरून सहावी वाटी प्यायली की तो बोटं आखडायचा आणि ती सोडायची नाही. दीनाबाईंसाठी ती आता जादा डबाही न्यायची. हेवा गेला होता का? छे. ती बोटं दुसऱ्या बाईची आहेत, आकडा विचारताना त्याचा चेहरा उजळतो, हे ती प्रत्येक सोमवारी बघायची आणि प्रत्येक सोमवारी तिला टोचायचं. पण आता दोघांच्या मध्ये तिचाच हात होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सोमवारी चाळीतल्या खोलीला कुलूप होतं. शेजारची आक्काबाई बाहेर आली. म्हणाली, "परवा गेल्या. काल माती दिली. शेवटपर्यंत वाटी मोजून पीत होत्या हो."

लंकाबाई पायरीवर बसली. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग मांडीवरच्या जादा डब्याकडं लक्ष गेलं. आता त्येंना काय सांगू? हे कळलं तर ते तांब्या तोंडाला लावतील. बाई, मेलीस तेबी माझ्या नवऱ्याला घेऊन जायच्या बेतानं मेलीस काय गं, असं ती मनातल्या मनात भांडली, आणि त्या कुलपाकडं बघून हमसाहमशी रडली.

घोडेगावला उतरली तेव्हा ऊन कललं होतं. कानिफनाथ ओट्यावर बसलेला, उपरणं मांडीवर तयार, शेजारी त्या दिवसाची पाचवी पाण्याची वाटी भरलेली.

"किती?" त्यानं विचारलं.

तिनं उपरणं टाकलं. खाली हात घातला आणि त्याची चार बोटं दाबली, दीनाबाई दाबायच्या तशीच, घट्ट.

त्यानं हात काढून घेतला नाही. उलट तिचाच हात धरून ठेवला. हयातभर कापडाखाली माणसं ओळखलेला हात होता तो. तिनं मान वर केली नाही, पण ही बोटं बाईंनी पाठवलेली नाहीत हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिला कळलं.

मग त्यानं हात सोडला, पाचवी वाटी उचलली आणि माठात परत ओतली.

"चार तर चार," तो म्हणाला. "म्होरल्या सोमवारीबी इचारून ये."